पांढऱ्या पेशी आणि कॅन्सर: आकडा ठेवा बाजूला, पेशी कोणती ते बघा

भिंगवाला (फोंडा) | सोमवार, रात्री ९.१४

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट येतो, 'टोटल डब्ल्यूबीसी'समोर बाण छापलेला असतो आणि वाचणाऱ्याची नजर त्या बाणावरून हलत नाही. बाण वर असला की 'ब्लड कॅन्सर तर नाही ना?', खाली असला की 'अंगात प्रतिकारशक्तीच उरली नाही'. हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदा नीट लिहितो. मी प्रयोगशाळेच्या बाजूचं लिहीन. वॉर्डातलं आणि इम्युनॉलॉजीचं जाणत्यांनी खाली भर घालावी.

'पांढरी पेशी' नावाची एक वस्तू नसते. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल अशा पाच जातींची ती बेरीज. मोठ्या माणसात बेरीज ४,००० ते ११,००० (दर घन मिलिमीटरला), त्यात जंतू गिळणारे न्यूट्रोफिल साधारण ४० ते ७५ टक्के, लिम्फोसाइट २० ते ४०, बाकीच्या थोड्या. कॅन्सरच्या संदर्भात बेरीज फारसं काही सांगत नाही. टक्केवारीही एकटी सांगत नाही. दोन्हींचा गुणाकार करायचा. टीएलसी (पांढऱ्यांची हीच बेरीज) ३,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे ९६०. टीएलसी तेच ३,२००, पण न्यूट्रोफिल ७० टक्के, म्हणजे २,२४०. बाण दोघांच्याही रिपोर्टवर खालीच. पहिल्याची केमो बहुधा पुढे ढकलली जाईल, दुसऱ्याची ठरल्या दिवशी होईल. (बहुतेक औषधयोजनांत १,५०० ही रेघ धरतात, काहींत १,०००.) या गुणाकाराला एएनसी म्हणतात. रिपोर्टवर छापलेला नसेल तर स्वतः काढा. बँड पेशी (जरा कच्चे न्यूट्रोफिल) वेगळ्या मोजल्या असतील तर त्या न्यूट्रोफिलमध्ये मिळवा.

आता नमुन्याकडे. निम्मे घोटाळे इथेच होतात. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) ट्यूबमध्ये खुणेपर्यंत रक्त हवं. कमी भरलं तर ईडीटीए जास्त होतं, पेशी आक्रसतात, न्यूट्रोफिलचं केंद्रक सुजून विरघळल्यासारखं दिसतं. जास्त भरलं किंवा ट्यूब ८-१० वेळा हळू उलटीसुलटी केली नाही तर बारीक गुठळी होते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि यंत्र खोटा कमी आकडा देतं. केमोच्या पेशंटचा काउंट एकदम पडलेला दिसला तर आधी लाकडी काडी ट्यूबमध्ये फिरवून गुठळी आहे का बघतात. दोन मिनिटांचं काम आहे, पण गर्दीच्या सकाळी तेच राहून जातं.

उलटी चूकही होते. हाडांतल्या मज्जेवर, म्हणजे रक्तपेशींच्या कारखान्यावर, ताण असला की केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात आणि साधी यंत्रं त्यांना पांढऱ्यांत मोजतात. काचेवर ओढलेल्या रक्ताच्या थरात (यालाच 'काच' म्हणतो) १०० पांढऱ्यांमागे अशा ५० दिसल्या आणि यंत्राने १२,००० सांगितलं, तर खरा आकडा १२,००० × १०० ÷ १५०, म्हणजे ८,०००. यंत्राने 'फ्लॅग' दिला की काच करायचीच.

आणि काच म्हटलं की आपला गोव्याचा पावसाळा. लीशमन रंग मेथॅनॉलमध्ये असतो आणि मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत आर्द्रता नव्वदीत असताना बाटलीचं झाकण दिवसभर उघडं राहिलं की संध्याकाळच्या काचांवर तांबड्या पेशींत चमकणारी भोकं दिसतात, आणि पांढऱ्यांचं केंद्रक चिखलात पाय पडल्यासारखं पसरतं. ब्लास्ट (ल्युकेमियात वाढणारी कच्ची पांढरी पेशी) ओळखायची ती केंद्रकाच्या बारीक जाळीवरून. ती जाळीच पुसली गेली तर ब्लास्ट आणि सडलेला लिम्फोसाइट यांत फरक राहत नाही. उपाय साधे आहेत. रंग लहान लहान बाटल्यांत भरून ठेवा, एका वेळी एकच उघडा. काच पंख्याखाली लगेच सुकवा. रंग सुकल्या काचेवर ८-१० थेंब, दोन मिनिटं. मग ६.८ पीएचचं बफर दुप्पट, हलकी फुंकर मारून मिसळा, ८-१० मिनिटं. मग धुवा. बफरऐवजी नळाचं पाणी घातलं तर निळी झाक येते आणि इओसिनोफिलचे दाणेसुद्धा नारिंगी दिसत नाहीत.

---

खाजन | सोमवार, रात्री ११.०२

भिंगवालाबाब, उत्तम सुरुवात. मी गाठीच्या आत काय चालतं ते लिहितो.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मन रोगशास्त्रज्ञ फिर्शोने १८६३मध्येच नोंदवलं होतं. त्या तिथे लढायला आल्या की घर बांधायला, हा वाद तेव्हापासूनचा. उत्तर 'दोन्ही' असं आहे, आणि कोणती पेशी त्यावर अवलंबून.

लढणाऱ्यांत पहिली सीडी८ टी पेशी, लिम्फोसाइटचीच एक जात. कॅन्सर पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी-१ नावाच्या ताटलीवर मांडून बाहेर दाखवते. त्यात बिघडलेला तुकडा ओळखू आला की टी पेशी चिकटते, परफोरिनने भोक पाडते आणि ग्रॅन्झाइम आत सोडते. पेशी स्वतःच मरायची प्रक्रिया सुरू करते. मग कॅन्सर काय करतो? ताटलीच काढून टाकतो. तिथे एनके (नॅचरल किलर) पेशी कामाला येते, कारण तिला ताटली नसणं हीच खूण. एक वाट बंद केली की दुसरी उघडते, तरी गाठ वाढते, कारण गाठ ही चुकवून उरलेल्यांचीच वंशावळ असते. जी पेशी सापडली ती मेली, जी सापडली नाही तिची पोरंबाळं.

बांधणाऱ्यांत मॅक्रोफेज (रक्तातून ऊतीत उतरलेला मोनोसाइट) सगळ्यांत पुढे. जखम भरताना मॅक्रोफेज रक्तवाहिन्या फुटवतो, तंतू विणायला लावतो आणि दाह शमवतो. गाठीत त्याला तोच निरोप मिळत राहतो. अमेरिकन रोगशास्त्रज्ञ ड्वोरॅकने १९८६मध्ये गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं ते यासाठीच. व्हीईजीएफ, टीजीएफ-बीटा, आयएल-१० ही प्रथिनं त्याची हत्यारं, आणि तिघंही टी पेशीला गप्प करायला किंवा गाठीला रसद पुरवायला वापरली जातात. जोडीला नियामक टी पेशी, म्हणजे ट्रेग. त्यांचं खरं काम आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ न देणं. २०२५चं वैद्यकाचं नोबेल ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना याच कामासाठी मिळालं. गाठ या रखवालदारांना आपल्या दारात उभं करते.

न्यूट्रोफिल दुटप्पी. तो आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू अडकवतो. त्याच जाळ्यात रक्तातून फिरणाऱ्या कॅन्सर पेशीही अडकून दुसऱ्या अवयवात रुजू शकतात. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर वाढलेलं असणं अनेक कॅन्सरमध्ये वाईट खूण मानतात त्यामागचं हे एक कारण. पण त्या एका आकड्यावर उपचार ठरवू नका. दातात पू झाला तरी ते वाढतं.

आता ब्रेक. माझं नाव खाजन, म्हणजे गोव्यातली खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, तर उदाहरण तिथल्या मानशीचंच (पाण्याच्या झडपेचं) देतो. बांधावरच्या मानशीला लाकडी दार असतं. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ते आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. टी पेशीवर पीडी-१ हे तसं दार. लढाई लांबली की ते मिटायच्या बेतात येतं, म्हणजे शरीराची नासधूस थांबावी. कॅन्सर पेशी पीडी-एल१ घेऊन बाहेरून दाब देते, भरती नसताना. दार मिटलेलंच राहतं आणि आत टी पेशी जिवंत असून स्वस्थ बसते. चेकपॉइंट औषधं तो दाब काढतात, एवढंच. ती स्वतः कॅन्सर मारत नाहीत. आत टी पेशी नसतीलच तर दार उघडून काय उपयोग? म्हणून तर काही गाठींवर ती चालत नाहीत.

---

दूधसागर | मंगळवार, सकाळी ७.४०

वाचनखूण साठवली. एक शंका: ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखांत असतात, तरी पेशंट इन्फेक्शननेच का जातो? आणि पांढऱ्या कमी असताना 'ब्लड कॅन्सर' निघतो तो कसा?

---

भिंगवाला (फोंडा) | मंगळवार, दुपारी १.२५

संख्येला भुलू नका. ब्लास्ट म्हणजे वाढणं थांबलेलं कच्चं पोर. त्याला जंतू गिळता येत नाही, जागेवर पोचता येत नाही. टीएलसी दीड लाख आणि ब्लास्ट ९५ टक्के असतील, तर कामाचे न्यूट्रोफिल शोधून काढावे लागतात. मज्जेत जागा ब्लास्टने खाल्लेली, म्हणून हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही पडतात.

कमी काउंटचं उत्तर: ब्लास्ट मज्जेत साठले पण रक्तात उतरले नाहीत, तर टीएलसी २,०००सुद्धा दिसू शकतं. मज्जेत किंवा रक्तात ब्लास्ट २० टक्के किंवा जास्त, ही तीव्र मायलॉइड ल्युकेमियाची नेहमीची रेघ. (काही जनुकीय बदल सापडले तर त्याहून कमीतही निदान होतं.) सगळ्यांत दगा देणारा एपीएल, तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचाच एक प्रकार. काउंट बऱ्याचदा कमीच, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, आणि काचेवर आउअर रॉडच्या काड्यांच्या मोळ्या बांधलेल्या पेशी. हे दिसलं की रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघायची नाही, डॉक्टरला फोन करायचा. एट्रा हे औषध नुसत्या संशयावर सुरू करतात, कारण पेशंट पहिल्या काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने जातो. ते दिवस निघाले तर हा बरा होण्यात सर्वांत पुढे असलेल्या ल्युकेमियांपैकी एक.

सीएमएलचं (जुनाट मायलॉइड ल्युकेमिया) चित्र वेगळं. दोन लाख काउंट, पण त्यात ब्लास्टपासून पिकलेल्या न्यूट्रोफिलपर्यंत सगळ्या पिढ्या एकत्र नांदतात, बेसोफिल वाढलेले. ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात. त्यातून होणारं आखूड गुणसूत्र फिलाडेल्फियात १९६०मध्ये दिसलं. त्यावरची गोळी, इमॅटिनिब, २००१मध्ये आली. रोज ४०० मिलिग्रॅम, वर्षानुवर्षं. बरं वाटतं म्हणून बंद करणं हीच तिथली मोठी चूक.

लाखाच्या वरच्या काउंटवाल्यांच्या बाकी तपासण्याही फसवतात. ट्यूबमध्ये या पेशी साखर खातात, म्हणून साखर खोटी कमी. फुटल्या की पोटॅशियम खोटं जास्त. धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन त्यांनीच वापरला की पेशंट गुलाबी आणि रिपोर्ट गंभीर. नमुना बर्फात, लगेच, आणि बोटावरच्या मापकाशी ताडून बघा.

सीएलएलमध्ये (लिम्फोसाइटचा जुनाट ल्युकेमिया) काच ओढतानाच लिम्फोसाइट चिरडतात, नुसते डाग राहतात आणि टक्केवारी चुकते. रक्ताचे ४-५ थेंब आणि २२ टक्के अल्ब्युमिनचा एक थेंब मिसळून दुसरी काच ओढा, पेशी शाबूत येतात.

---

सुरंगी | मंगळवार, रात्री ८.५०

केमोच्या डे-केअर वॉर्डाच्या बाजूने लिहिते. केमोनंतर काउंट लगेच पडत नाहीत, कारण रक्तात आणि मज्जेत तयार माल काही दिवसांचा असतो. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते एक दिवस टिकतो. शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नवे बनवतं. केमोने कारखाना बंद पडला की गोदाम संपायला आठवडा लागतो. म्हणून तळ ७व्या ते १४व्या दिवसाच्या आसपास, आणि २१ दिवसांपर्यंत बहुतेकांचा काउंट परत. केमोची एक फेरी, म्हणजे सायकल, २१ दिवसांची ठेवण्यामागे हा हिशेब आहे. काही औषधं उशिरा मारतात. लोमस्टिनचा तळ ४ ते ६ आठवड्यांनी येतो.

कॅलेंडरवर केमोचा दिवस १ धरून ७ ते १४ वर रेघ ओढा. त्या दिवसांत:

थर्मामीटर घरात हवाच, तोही डिजिटल. तोंडाचं तापमान एकदा १०१ फॅरेनहाइट किंवा तासभर १००.४ राहिलं, तर ती रात्र घरी काढायची नाही. काखेत मोजलं तर आकडा कमी येतो, तेव्हा काखेत १०० आला तरी तोंडाने पुन्हा मोजा. गरम चहा-पेज घेतल्यावर १५ मिनिटं थांबा. गुदद्वारात थर्मामीटर किंवा एनिमा अजिबात नको. तिथली बारीक चीर जंतूंना रक्ताचा दरवाजा होते.

ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल नको. ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत.

आता महत्त्वाचं. पू दिसेल अशी वाट बघू नका. पू म्हणजे मेलेले न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिलच नाहीत तर पू कुठून येणार? लाली, सूज, पिवळी थुंकी, सगळ्याला त्याच पेशी लागतात. छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि आत न्युमोनिया असतो. काउंट वर यायला लागला की दोन दिवसांनी तोच एक्स-रे पांढरा होतो. सुईच्या जागी नुसतं दुखणं, गिळताना नुसतं टोचणं, शौचाला बसताना दुखणं, तेवढीच खूण पुरेशी समजा. कधी तर तापही नसतो, नुसती थंडी, ग्लानी, बीपी पडलेलं.

हॉस्पिटलात पोचल्यावर पहिलं वाक्य असं: 'केमो होऊन इतके दिवस झाले आणि ताप आहे.' नुसतं 'ताप आहे' म्हटलं तर ओपीडीच्या रांगेत बसाल. रक्ताच्या कल्चरचे (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचे) दोन संच घेऊन पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा सेफेपाइम २ ग्रॅम ही नेहमीची सुरुवात. सेंट्रल लाइन असेल तर एक कल्चर तिच्यातून. सीबीसीचा रिपोर्ट येईपर्यंत डोस थांबवायचा नसतो. एएनसी ५०० च्या खाली, किंवा दोन दिवसांत तिथे जाईल अशी शक्यता, तरी नियम तोच. १०० च्या खाली असेल तर जास्तच घाई.

काणकोण, सांगे, वाळपई, पेडणे इकडच्यांना बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला पोचायला वेळ लागतो, पावसात आणखी. १०८ ला फोन करतानाही केमोचं आधी सांगा. तळाच्या दिवसांत डिस्चार्ज कार्ड, शेवटचा सीबीसी आणि औषधांची यादी एका पिशवीत भरून दाराशी टांगलेली बरी.

---

म्हादई | बुधवार, सकाळी १०.१५

सुरंगीबाय, +१. 'काउंट वाढवायचं इंजेक्शन' कसं वाया जातं ते मी सांगतो. फार्मसीच्या खिडकीतून तेच जास्त दिसतं.

ते इंजेक्शन म्हणजे फिल्ग्रास्टिम, दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम, बऱ्याच जणांना रोज ३००. केमो संपल्यावर किमान २४ तासांनी सुरू. त्याच दिवशी का नाही? कारण ते मज्जेतल्या पेशींना विभागायला लावतं आणि केमो विभागणाऱ्या पेशींनाच मारते. दोन्ही एकत्र म्हणजे पीक उगवायला पाणी घालून वर तणनाशक मारणं.

दुसरी चूक लवकर थांबवण्याची. सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत काउंट उसळतो, कारण मज्जेतला राखीव साठा बाहेर फेकला जातो. घरचे म्हणतात 'वाढले', इंजेक्शनं बंद. मग खरा तळ येतो. तळ होऊन गेल्यावर चढलेला काउंटच खरा. त्याचाच जास्त टिकणारा प्रकार, पेगफिल्ग्रास्टिम, ६ मिलिग्रॅम सायकलमागे एकदाच, पुढच्या केमोच्या आधीचे १४ दिवस नाही. म्हणून आठवड्याला केमो असणाऱ्यांना ते बसत नाही.

साठवण २ ते ८ अंशांत. फ्रीजच्या दारात नको, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. गोठलेलं दिसायला तसंच राहतं, काम करेलच असं नाही. नेताना बर्फाच्या पिशवीभोवती वर्तमानपत्राचे दोन थर, मग इंजेक्शन. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. सामान्य तापमानाला किती तास चालतं ते कंपनीगणिक बदलतं, खोक्यावर वाचा. हलवू नका, प्रथिन आहे, फेस झाला की बिघडतं. टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर ठेवलं तर कमी झोंबतं.

कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. मज्जा जोरात कामाला लागल्याची ती खूण आहे. पॅरासिटामॉल चालतं, पण सुरंगीबायचा नियम लक्षात ठेवून: आधी ताप मोजा, मग गोळी.

---

सत्तरीकर | बुधवार, दुपारी ३.३०

गावातल्या दवाखान्यातून एवढंच: कमी काउंट म्हणजे कॅन्सर, ही धाव थांबवा. पावसात डेंग्यूने टीएलसी २,००० होतं आणि आठवड्यात परत येतं. आमच्याकडे काजूच्या हंगामात माकडतापाची शंका आधी घ्यावी लागते. सत्तरीत तो २०१५पासून माहीत आहे, त्यातही पांढऱ्या आणि प्लेटलेट दोन्ही पडतात. विषमज्वरातही पडतात. बी-१२ कमी असेल तर न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसतात.

औषधंही विचारा. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं आणि काउंट शून्याकडे जातात. थायरॉइडवरच्या कार्बिमाझोलवर घसा दुखून ताप आला तर गोळी बंद आणि त्याच दिवशी सीबीसी.

मज्जा तपासायला पाठवायचं कधी? दोन-तीन आठवड्यांत काउंट सुधारत नाही, पांढऱ्या, तांबड्या आणि प्लेटलेट तिन्ही पडलेल्या, काचेवर ब्लास्ट, किंवा जोडीला गाठी, प्लीहा, वजन घटणं. वाढलेल्या इओसिनोफिलला मात्र आधी जंत, दमा, हत्तीरोग, औषधाची अ‍ॅलर्जी. कॅन्सर यादीत शेवटी.

---

आगोंद | बुधवार, रात्री ९.०५

पपईच्या पानाचा रस आणि गुळवेल यांनी पांढऱ्या पेशी वाढतात असं बरेच सांगतात. शिवाय खाण्यातलं पथ्य काय? आणि रक्त चढवतात तशा पांढऱ्या पेशी का चढवत नाहीत?

---

सुरंगी | बुधवार, रात्री १०.२०

पपईचा रस अभ्यासला गेला तो डेंग्यूतल्या प्लेटलेटसाठी. केमोने थांबलेल्या मज्जेतून न्यूट्रोफिल काढायला त्याचा आधार नाही. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केल्यात. केमोची कितीतरी औषधं यकृतातून बाहेर पडतात. बिलिरुबिन वाढलं की डोस कापावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. न्यूट्रोफिल वाढवायला निघालात आणि केमोच लांबली, असं होतं. सकाळी ताजा काढलेला कच्चा रस म्हणजे वर मातीतले जंतूही.

पथ्य: 'सगळं कच्चं बंद' या जुन्या नियमाने इन्फेक्शन कमी होत नाही असं तुलनेत दिसलंय. लोक जेवण टाकतात, वजन घटतं, हा तोटाच. स्वच्छता पाळा. सोलून खायची फळं चालतात, सोलणारे हात धुतलेले हवेत. विहिरीचं पाणी खळखळून उकळून. रात्रीची पेज फ्रीजबाहेर ठेवून सकाळी नको. सोलकढी ताजी करून लगेच प्या, नारळाचा रस दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नका. हुमण (मासळीची कढी) चालेल, पूर्ण शिजलेलं. पण अर्धवट वाफवलेल्या तिसऱ्या, खुबे, कालवं अजिबात नाही. खाडीतल्या शिंपल्यांत व्हिब्रिओ जंतू असतात आणि न्यूट्रोफिल नसताना ते थेट रक्तात जातात.

---

भिंगवाला (फोंडा) | गुरुवार, सकाळी ८.१०

पांढऱ्या चढवतात, पण क्वचित. दात्याला आदल्या रात्री जी-सीएसएफ (फिल्ग्रास्टिमच) आणि डेक्सामेथासोन देऊन मशीनवर दोन-तीन तास बसवावं लागतं. पिशवी २०-२४ अंशांत, न हलवता, २४ तासांच्या आत चढवायची. त्यात तांबड्या पेशी मिसळतात, म्हणून क्रॉसमॅच हवंच. किरणोत्सार द्यावा लागतो, नाहीतर दात्याचे लिम्फोसाइट पेशंटवरच उलटतात. आणि सवयीने ल्युकोसाइट फिल्टर लावला तर ज्या पेशी द्यायच्या त्याच फिल्टरमध्ये राहतात! एवढं करून त्या टिकतात काही तास. म्हणून काउंट परत येण्याची आशा असलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या गंभीर इन्फेक्शनपुरतंच ते.

---

खाजन | गुरुवार, रात्री ९.४५

आता ज्या उपचारांत पांढरी पेशीच औषध आहे त्यांच्याकडे.

जुनं उदाहरण मूत्राशयाच्या कॅन्सरवरचं बीसीजी (क्षयाची लस), १९७६पासून. वरवरची गाठ खरवडून काढल्यावर दोन-चार आठवडे जखम भरू द्यायची. मग बीसीजी ५० मिलिलिटर सलाइनमध्ये नळीने आत, एक-दोन तास धरून ठेवायचं, आठवड्याला एक असे सहा. नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी द्यायचं नाही, कारण जिवंत जंतू रक्तात जातात. घरी पहिले काही तास लघवी बसून, मग भांड्यात ब्लीच ओतून १५ मिनिटांनी फ्लश. जंतूंनी बोलावलेले न्यूट्रोफिल आणि टी पेशी गाठीचे उरलेसुरले अंश साफ करतात.

चेकपॉइंट औषधांमागच्या कामाला २०१८चं नोबेल, अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना. अडचण किमतीची. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबचा नेहमीच्या २४० ऐवजी २० मिलिग्रॅम डोस, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीने दिला. १५१ रुग्ण, २०२३मध्ये प्रसिद्ध. वर्षभर जगणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पीडी-१ची दारं अडवायला एवढं औषध बहुधा पुरतं, हा त्यामागचा तर्क. पण हे त्या कॅन्सरसाठी आणि त्या औषधांच्या जोडीने. आपल्या मनाने दुसरीकडे लावू नये.

दार उघडल्यावर टी पेशी घरच्यांवरही जातात. जुलाब, कोरडा खोकला, थायरॉइड, कावीळ, महिन्यांनंतरही. दिवसाला नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले तर मासळीला दोष देऊन लोपरामाइड घेत बसू नका. तो कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) असू शकतो, त्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दर किलो वजनामागे १ ते २ मिलिग्रॅम लागतं आणि ते ४ ते ६ आठवड्यांत हळूहळू उतरवावं लागतं. घाईने बंद केलं की उलटतो.

कार-टी, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी बदलून परत देणं. पद्धत अशी: मशीनवर टी पेशी वेगळ्या काढायच्या, विषाणूच्या वाहनातून सीडी१९ (बी पेशी या लिम्फोसाइटवरचं प्रथिन) ओळखणारा रिसेप्टर बसवायचा, वाढवायच्या, तपासायच्या. पेशंटला फ्लुडारॅबिन-सायक्लोफॉस्फमाइड ही केमो देऊन जागा करायची, मग पेशी परत शिरेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली, किंमत परदेशातल्या अशा उपचारांच्या सुमारे दहावा हिस्सा. बी पेशींच्या परतलेल्या लिम्फोमा-ल्युकेमियासाठीच आहे, स्तन किंवा फुफ्फुसाच्या गाठीला नाही. पहिल्या दोन आठवड्यांत ताप, बीपी पडणं हे सायटोकाइनचं (पेशींनी सोडलेल्या दाहाच्या प्रथिनांचं) वादळ. त्यावर टोसिलिझुमॅब, दर किलो वजनामागे ८ मिलिग्रॅम. मेंदूवरचा परिणाम पकडायला रोज एकच वाक्य लिहून घेतात. अक्षर बिघडलं की पहिली घंटा.

---

दूधसागर | शुक्रवार, सकाळी ७.५५

परवा एका ग्रुपवर प्रश्न आला होता: केमोच्या दुसऱ्या दिवशी टीएलसी १८,०००, लिम्फोसाइट ५ टक्के. इन्फेक्शन का?

---

भिंगवाला (फोंडा) | शुक्रवार, दुपारी १.४०

ताप नसेल तर बहुधा उलटी थांबवायला दिलेलं डेक्सामेथासोन. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून धारेत येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर जातात. नवीन काही बनलेलं नसतं. पेगफिल्ग्रास्टिम दिलं असेल तर आकडा ३०-४० हजारही जातो, बँड, मायलोसाइट, क्वचित एखादा ब्लास्टही दिसतो, आणि इंजेक्शनचं माहीत नसलेला तंत्रज्ञ 'ल्युकेमियाची शक्यता' लिहून मोकळा होतो. म्हणून तपासणीच्या फॉर्मवर चार गोष्टी लिहाच: केमोची तारीख, स्टेरॉइड कधी घेतलं, काउंटचं इंजेक्शन कोणतं व कधी, आणि ताप आहे की नाही. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसतो. मागच्या बाजूला लिहा, आणि ट्यूब देताना तोंडानेही सांगा.